नळीवाल्याचं कवच

शाळेच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. बाकांवर माणसं, बाकांच्या मधे माणसं, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं. मंचावर पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ उभा होता आणि त्याच्या हातात दिव्याची दोन फुटी नळी होती. तिला ना वायर, ना प्लग, ना बटण. त्याने शेजारच्या वाडग्यातल्या पाण्यात बोटं बुडवली, वाकून नळी पहिल्या बाकावर बसलेल्या माझ्या सुनेच्या डोक्यावर धरली आणि नळी लख्ख पेटली.

हॉलभर "आई गं" असा आवाज उठला. माझ्या सुनेला सातवा महिना होता. तिने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

"मी काही बोलणार नाही," तो म्हणाला. "मी साधा माणूस आहे. बोलते ती नळी. ही वरून येणारी लहर आहे. ती डोक्यात साचते, रक्तात साचते, आणि पोटात जीव वाढत असेल तर..." इथे त्याने वाक्य सोडून दिलं आणि डोळे मिटले. मग म्हणाला, "ताई, घाबरू नका."

माणसाला पुरतं घाबरवायचं असलं की आधी घाबरू नका म्हणायचं, हे या लोकांना बरोबर जमतं. नंतर तीच नळी त्याने रिकाम्या खुर्चीवर धरली. पेटली नाही. न्हाव्याच्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यावर धरली. पेटली. लोकांनी तोंडात बोटं घातली. लोक त्याला दादासाहेब म्हणायला लागले होते. मी नळीवाला म्हणायचे, तेही मनातल्या मनात, कारण माझा मुलगा शेजारीच बसला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

आता ही वरून येणारी लहर म्हणजे काय ते सांगते, कारण माझं पोट तिच्यावरच चालतं. खूप वर, जिथे ना ढग ना रात्र, तिथे सूर्याची वीज करणारे मोठमोठे पत्रे तरंगत ठेवलेत. ती वीज लहरींच्या रूपाने खाली सोडतात. गावाबाहेर कुंपण घातलेल्या माळावर तारांची भलीमोठी जाळी उभारली आहे, ती जाळी लहरी झेलते आणि त्यांची परत वीज होऊन आमच्या घरांत येते. दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत आमच्याकडे एकदाही दिवे गेले नाहीत. जाळीवर जी लहर पडते तिचा जोर दुपारच्या उन्हापेक्षाही कमी, आणि कुंपणाबाहेर तर नावापुरतीसुद्धा नाही. मी त्या जाळीखाली काम करते. जाळीखाली जोडण्यांच्या हजारो पेट्या आहेत. त्यांत दमट हवा शिरू नये म्हणून कडा लुकणाने, म्हणजे फटी बुजवायच्या चिकट लगद्याने, बंद करायच्या, हे माझं काम. माझी एकही पेटी आजवर गळलेली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे हीच बढाई माझ्या अंगाशी आली म्हणून सांगते.

नळीवाल्याचा उपाय साधा होता. साधा नसता तर लोकांनी केला नसता. घरातली एक खोली निवडायची. भिंती, छत, खिडक्या, सगळं त्याच्याकडच्या चकचकीत पत्र्याने मढवायचं. हा पत्रा म्हणजे कागदासारखा पातळ वर्ख, गुंडाळीने मिळायचा आणि अर्थात त्याच्याकडेच मिळायचा. याचं नाव कवच. घरातला मेन स्विच पाडून ठेवायचा, कारण वरची वीज म्हणजे तीच लहर तारेतून घरात घेणं. थंडीचे दिवस, हीटर बंद, तेव्हा उबेसाठी खोलीत कोळशाची शेगडी.

"सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं," नळीवाला म्हणाला, "तर कवच असून नसल्यासारखं. लहर भोकच शोधत असते."

घरी आल्यावर मी मुलाला म्हटलं, "अरे, मी दिवसभर त्या जाळीखाली उभी असते. मला काय झालंय?"

"तुझं वय झालंय आई. तुझं काय व्हायचं ते होऊन गेलं. बाळाचं तसं नाही."

बोलण्याची ही तऱ्हा. माझा मुलगा शाळेची बस चालवतो, दुसऱ्यांची पन्नास पोरं रोज सांभाळून नेतो, आणि स्वतःच्या न जन्मलेल्या पोरापायी त्याची पाचावर धारण बसली होती. त्याला तरी काय बोलू? सून रात्रभर पोटावर हात ठेवून जागी राहायची. मला म्हणाली, "आई, तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण खोटं निघालं तर भोगायचं कुणी? बाळानेच ना?"

म्हटलं, वर्ख लावल्याने कुणी मरत नाही, पोरीला झोप तरी लागेल. मुलगा चिकटपट्टीने वर्ख लावायला लागला. वाकडा, सुरकुतलेला, कोपऱ्यांत फटी. मला ते बघवेना. "हे काय चिकटवणं आहे का? सरक तिकडे," म्हटलं, आणि माझं कामाचं लुकण आणून एका सुट्टीत सगळी खोली बंद केली. खिडक्यांच्या फटी, छताचे सांधे, दाराची चौकट. पेटीसारखी. शेजारच्या शिंपीणबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आमचीही द्या ना करून." त्यांचीही करून दिली. गल्लीतल्या आणखी दोन घरांची दिली. न्हाव्याला म्हटलं, तुझ्याकडे कधी येऊ? त्याला आम्ही उद्याराव म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक काम उद्या असतं. तो म्हणाला, "काकू, उद्या बघू." त्याने वर्ख खिडकीवर सुतळीने टांगला होता आणि तो वाऱ्यावर फडफडायचा.

आम्ही तिघं त्या खोलीत झोपायला लागलो. चार दिवसांत माझं डोकं धरलं. सकाळी उठावं तर कपाळ ठणकतंय, जीभ कोरडी, पोटात मळमळ. मुलाचंही तसंच. सून तर दिवसाही खोलीतच असायची, तिला उभं राहिलं की चक्कर यायची. शिंपीणबाईंना वांत्या सुरू झाल्या. ज्या गल्लीत कुणाचं काही दुखत नव्हतं, तिथे घरोघरी कपाळाला पट्ट्या.

तेव्हा मी घाबरले. खरं सांगते, मनापासून घाबरले. इतके दिवस मी हसत होते, आणि आता माझंच डोकं मला सांगत होतं की नळीवाला खरा आहे.

मुलाने त्याला घरी बोलावलं. तो खोलीच्या आत आला नाही. उंबऱ्यावरूनच वाडग्यात बोटं बुडवून हात लांब केला, आणि नळी सुनेच्या दिशेला पेटली. मग वळून माझ्याकडे केली. पेटली नाही.

"हं," तो म्हणाला. "मावशी, तुम्ही जाळीवर कामाला ना? लहर तुमच्यात राहत नाही, तुम्ही ती घेऊन येता. केसांतून, कपड्यांतून. घरी आल्यावर ती कमकुवत अंग शोधते."

"म्हणजे हिला माझ्यामुळे होतंय?"

"मी काही बोलत नाही. नळी बोलते."

त्या रात्रीपासून माझं अंथरूण बाहेर स्वयंपाकघरात. खिडकीची काच तडकलेली, गार वारा थेट अंगावर. सून माझ्या हातचं पाणी घेताना पेला टेबलावर ठेवायला सांगायची. नजर खाली घालून, अगदी नम्रपणे. त्या पोरीने मला तीन वर्षांत कधी उलट उत्तर दिलं नव्हतं आणि आता ती मला घाबरत होती. मी कामावरून आल्यावर दोनदा अंग घासायला लागले. केस कापून टाकले. आणि माझं डोकं दुखायचं थांबलं. थांबल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी मी आणखी घाबरले, कारण नळीवाल्याने म्हटलंच होतं, लहर माझ्यात राहत नाही.

आमच्या जाळीच्या केंद्रातले साहेब लहर मोजायचं यंत्र घेऊन गल्लीत आले. सगळ्यांसमोर आकडा दाखवला, काही नाहीच. वर म्हणाले, "मागच्या आठवड्यात दोन दिवस दुरुस्तीसाठी लहर पूर्ण बंद होती, घरांना वीज साठ्यातून दिली. त्या दोन दिवसांतही यांची नळी पेटली. कशी?" मला वाटलं, आता याची बोलती बंद. नळीवाला हसून म्हणाला, "साहेब, पाऊस थांबला म्हणून भिंत लगेच वाळते का?" लोकांनी माना डोलावल्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. सुनेला दवाखान्यात नेलं तर नर्सने बोटाला चिमटा लावला, रक्तातला प्राणवायू अठ्ठ्याण्णव टक्के. सगळं ठीक, विश्रांती घ्या. नळीवाला म्हणाला, "बघा, यांच्या यंत्रात काही सापडत नाही. सापडणार कसं? हे जमिनीवरचं दुखणंच नाही."

सुनेची तब्येत उतरतच गेली. मग नळीवाल्याने शेवटचा उपाय सांगितला. तीन दिवस, तीन रात्री तिने एकटीने कवचात राहायचं. एकीच्या जागी दोन शेगड्या. पाणी आत ठेवायचं, आणि दार बाहेरून कडेकडेने बंद करायचं. मध्ये उघडलं तर इतक्या दिवसांचं सगळं वाया.

पहिली सकाळ. मी कामावर निघाले होते. मुलगा दाराच्या फटीला पट्टी लावत होता, नेहमीसारखी सुरकुतलेली. मी उभी राहिले. मला वाटलं, एवढं करतोच आहोत तर नीट तरी करू. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. मी पिशवी खाली ठेवली, लुकण काढलं आणि ते दार स्वतःच्या हाताने पक्कं केलं. आतून तिचा आवाज आला, "आई, नीट जा हं." मी "हो गं" म्हटलं आणि निघाले.

वाटेत उद्यारावचं दुकान लागतं. तो गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत शीळ घालत होता. मला संताप आला. म्हटलं, "अरे, घरी म्हातारी आई आहे. वर्ख फडफडतोय नुसता. तिच्या डोक्यावर नळी पेटली होती ना? दुखतंय का तिचं?"

"कशाने दुखेल काकू? रात्री शेगडीपाशी बसते, मग मस्त घोरते. काल मला म्हणाली, गल्लीत सगळ्यांना झालंय तरी काय?"

मी तशीच पुढे गेले. मनात म्हटलं, आळशी माणसाचं नशीबही जोरावर असतं.

दुपारी जाळीखाली मी एक नवी पेटी बंद करायला घेतली. चारी कडा लुकल्या. शेवटी तळाला छोटं भोक पाडायचं असतं, त्याला आम्ही श्वास म्हणतो. पहिल्या दिवशी माझ्या मुकादमाने शिकवलं होतं, बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही हे खरं, पण आतलं आतच कोंडलं तर पेटी आतूनच सडते. मी भोक पाडायचा सामता हातात घेतला आणि माझा हात तिथेच थांबला.

त्या खोलीला मी श्वास ठेवला नव्हता.

मग सगळी घरं माझ्या डोळ्यांपुढून गेली. शिंपीणबाईंचं घर मी बंद केलेलं, त्यांना वांत्या. आणखी दोन घरं मी बंद केलेली, तिथे चक्कर. ज्यांनी स्वतः लावलं तिथे नुसती डोकेदुखी. उद्यारावकडे सुतळी, त्याची आई घोरते. मी स्वयंपाकघरात झोपते, तडकलेल्या काचेशी, मला काही नाही. दिवसभर लहरीखाली असते, मला काही नाही. जी जाळीच्या आसपासही फिरकली नाही आणि जी सगळ्यात जास्त वेळ आत असते, तीच सगळ्यात आजारी. काम जितकं पक्कं, तितकं दुखणं मोठं. दुखणं वरून येत नव्हतं. ते आतच होतं, दोन शेगड्यांवर पेटलेलं, आणि त्याची बाहेर जायची वाट मी लुकणाने बंद करून आले होते.

मी मुकादमाला काय सांगितलं ते आठवत नाही. केंद्राची गाडी घेऊन त्यानेच मला सोडलं एवढं खरं. वाटेत त्याने दवाखान्याला फोन केला.

दारासमोर मुलगा खुर्ची टाकून बसला होता. शेजारी नळीवाला, आणि दहाबारा माणसं.

"बाजूला हो," मी म्हटलं.

"आई, तू इथे यायचं नाही. तुला सांगितलंय."

"ती शेवटची बोलली कधी?"

"सकाळी. झोपली असेल."

"हाक मारलीस?"

त्याने वळून दाराकडे पाहिलं. नळीवाला म्हणाला, "मावशी, गाढ झोप म्हणजे लहर उतरत्येय. आता उघडलंत तर बाळाची जबाबदारी तुमची."

"माझीच आहे," मी म्हटलं, आणि लुकण कापायची सुरी काढली. मुलाने माझं मनगट धरलं. मी त्याला म्हटलं, "अरे, कोळशाचा धूर कोंडलाय आत. मी कोंडलाय. तू मला नंतर घराबाहेर काढ, हवं तर तोंड बघू नकोस, पण आत्ता हात सोड." कुणास ठाऊक त्याला काय पटलं. त्याने हात सोडला. मी इतकं पक्कं काम केलं होतं की तीन बाजू कापल्या तरी दार हलेना. चौथी कापताना सुरी माझ्या तळव्यात गेली. मुलाने खांदा लावला तेव्हा दार उघडलं.

ती भिंतीशी आडवी होती. ओठ अर्धवट उघडे, चेहरा गुलाबी, अगदी निरोगी दिसावा तसा, आणि हाक मारली तरी हूं नाही. आम्ही दोघांनी उचलून तिला अंगणात आणलं, उघड्यावर. "उघड्यावर नका नेऊ," असं गर्दीतलं कुणीतरी ओरडलं. नळीवाला पुढे आला. बोटं ओली होतीच. नळी तिच्यावर धरली आणि ती लखलख पेटली.

"बघा," तो म्हणाला. "बघा, काय करून ठेवलंत."

मी ती नळी त्याच्या हातातून हिसकली. हिसकली तशी विझली. आणि माझ्या लक्षात आलं, ती जड आहे. जाळीखालचे दिवेही मीच बदलते, दिव्याची नळी पोकळ, हलकी असते. मी टोपण फिरवलं. आत बॅटरी. आम्ही विसरलो होतो. वीज गेली की आपोआप पेटणारे दिवे पूर्वी प्रत्येक दुकानात मिळायचे. टोपणावरच्या धातूच्या दोन टोकांवर ओलं बोट टेकवलं की तो दिवा हातातही पेटतो, कोरडं टेकवलं की नाही. पण दोन वर्षांत आमच्याकडे वीज गेलीच नाही, ते दिवे दुकानांतून गेले आणि आमच्या डोक्यांतूनही. मी टोपण परत बसवलं आणि माझं रक्ताने ओलं झालेलं बोट त्यावर टेकवलं. नळी पेटली. माझ्या डोक्यावर नाही, सुनेच्या नाही, हवेत. मी ती शिंपीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी जिभेला बोट लावून टेकवलं. पेटली. मग ती हातोहात फिरली आणि प्रत्येकाकडे पेटली. नळीवाला कधी निघून गेला ते मी पाहिलं नाही, मी सुनेच्या नाकाशी हात धरून बसले होते. श्वास होता, पण इतका हळू की प्रत्येक वेळी वाटायचं हा शेवटचा.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि प्राणवायूचा मुखवटा चढवला. मग आम्हाला बाहेर घेऊन सांगितलं. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो. बोटाच्या चिमट्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तो अठ्ठ्याण्णव दाखवत राहिला. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग चक्कर, मग झोप, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही.

"आणि बाळ?" मुलाने विचारलं.

"ठोके आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आईपेक्षा बाळाच्या रक्तातून हा वायू हळू उतरतो. काही इजा झाली आहे का, ते आत्ता मला सांगता येणार नाही. जन्मल्यावर कळेल."

सून दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. मी तिला सगळं सांगितलं, दार कुणी लुकलं तेही. तिने माझा पट्टी बांधलेला हात धरला. मग म्हणाली, "आई, मी तुम्हाला पाण्याचा पेला टेबलावर ठेवायला सांगायचे." एवढंच. मग आम्ही दोघी रडलो.

नळीवाला दोन गावं पलीकडे सापडला. पोलिसांना त्याच्या खोलीत वर्खाच्या गुंडाळ्या मिळाल्या, पण भिंतींवर वर्ख नव्हता. शेगडी नव्हती. हीटर होता, चालू.

आता लोक मला विचारतात, तू तर शहाणी, तू कशी फसलीस? मी फसले कारण मी दुखणाऱ्यांकडे बघत बसले. प्रत्येकजण तेच करत होता. तुझं दुखतं, माझंही दुखतं, म्हणजे खरं आहे. ज्याचं दुखत नाही त्याच्याकडे कुणी गेलंच नाही. उद्यारावच्या आईला आठ दिवस आधी कुणी विचारलं असतं, म्हातारे, तुझं कसं काय बरं आहे, तर एवढं झालं नसतं. तुमच्याकडे उद्या कुणी नवी नळी घेऊन येईल. तो वाईटच असेल असं नाही, त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसलेला असेल. तुम्ही घाबरा, घाबरण्यात लाज नाही. पण घाबरल्यावर बऱ्या माणसांकडे जा आणि ती बरी का आहेत ते विचारा. त्याची वस्तू स्वतःच्या हातात घ्या. आणि ज्या उपायाने दुखणं वाढतं, तो उपाय आधी थांबवा, मग तो कुणीही सांगितलेला असो.

बाळ यायला पाच आठवडे आहेत. मी रोज सुनेच्या पोटाला हात लावते. ते लाथ मारतं. जोरात मारतं की हळू, हे मला कळत नाही, आणि डॉक्टरबाईंनाही अजून सांगता येत नाही.